वकुलाचा झरा

मंडळी, विहीर खणताना झरा लागला की आपल्याला केवढा आनंद होतो! आपण नारळ फोडतो, गूळ वाटतो. "देवानं दिलं" म्हणतो. पण ते पाणी तिथं आलं कुठून, हे आपण क्वचितच विचारतो.

आज आम्ही तुम्हाला एका फार मोठ्या झऱ्यावर नेणार आहोत. हा झरा आपल्या देशात नाही. तो अमेरिकेत, फ्लॉरिडा नावाच्या राज्यात आहे. त्याचे नाव वकुला. लोक तिथे पोहायला जातात. पशुपक्षी पाहायला जातात. आपणही मनाने जाऊ या.

कुणी म्हणेल, "अहो, एवढ्या लांबचा झरा आम्हाला कशाला दाखवता?" त्याला कारण आहे. त्या झऱ्याला जे दुखणे झाले, ते आपल्या विहिरीलाही होऊ शकते. त्या लोकांनी दुखण्याचे मूळ कसे शोधले, ते आपणही शिकण्यासारखे आहे.

झरा केवढा आहे?

फ्लॉरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी. या शहराच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर मोठे रान आहे. रानात सायप्रस नावाची उंच झाडे पाण्यात पाय रोवून उभी आहेत. त्यांच्या फांद्यांवरून राखी रंगाच्या जटा लोंबतात. या झाडांच्या मधोमध एक मोठा डोह आहे. तोच वकुलाचा झरा.

आपल्याकडे झरा म्हटले की बोटाएवढी नाहीतर मनगटाएवढी धार डोळ्यांपुढे येते. वकुलाचे तसे नाही. डोह शंभर फुटांहून जास्त खोल आहे. तळाशी खडकात गुहेचे तोंड आहे. त्या तोंडातून पाणी वर येते. सरासरीने रोज सुमारे 95 कोटी लिटर येते!

हा आकडा मनात मावत नाही, होय ना? मग असा हिशेब करा. दोन हजार वस्तीचे एक गाव आहे. माणशी रोज 50 लिटर पाणी धरा. गावाला रोज एक लाख लिटर लागेल. वकुलाचे एका दिवसाचे पाणी त्या गावाला 25 वर्षे पुरेल.

हे पाणी वर येते आणि लगेच नदी होऊन वाहू लागते. नदीचे नावही वकुलाच. पुढे ती दुसऱ्या नदीला मिळते आणि समुद्राला जाते.

हा डोह फार जुना आहे. पूर्वी त्या देशात मॅस्टोडॉन नावाचा प्राणी होता. तो हत्तीच्या कुळातला. आता त्याचा वंश उरलेला नाही. त्याची हाडे या डोहात सापडली. 1930 साली एक सांगाडा वर काढला. टॅलाहासीच्या संग्रहालयात तो उभा करून ठेवला आहे.

झऱ्याच्या भोवतालची जमीन पूर्वी खाजगी मालकीची होती. 1986 साली राज्य सरकारने ती विकत घेतली. आता ते सर्वांसाठी उद्यान आहे.

पाण्यात उतरू या

पाणी बारा महिने सारखेच असते. सुमारे 21 अंश. भर उन्हाळ्यात उतरलात तर अंगावर काटा येईल. कडाक्याच्या थंडीत उतरलात तर तेच पाणी कोमट वाटेल.

यात जादू काही नाही. पौषातल्या पहाटे आपल्या विहिरीचे पाणी कसे लागते? उबदार लागते. वैशाखात कसे लागते? गार लागते. पाणी तेच असते. आपले अंग आणि भोवतालची हवा बदललेली असते. जमिनीच्या पोटात खोलवर ऊन पोचत नाही आणि थंडीही पोचत नाही. म्हणून तिथले पाणी वर्षभर एकसारखे राहते.

काठाला उडी मारण्यासाठी एक उंच मनोरा बांधला आहे. पोरे वरून धाडधाड उड्या मारतात. बायामाणसे काठाने डुंबतात. पोहण्याच्या जागेभोवती पाण्यावर दोरी ताणली आहे. दोरीच्या आत पोहायचे. बाहेर जायचे नाही.

का? कारण दोरीच्या पलीकडे मगरी आहेत! त्या देशातल्या मगरीला अलिगेटर म्हणतात. आपल्या मगरीची ती चुलत बहीण. तिचे तोंड जास्त रुंद असते. दिवसभर ती काठावर ऊन खात पडून असते. लाकडाचा ओंडका पडला आहे असेच वाटते.

1987 साली एक तरुण पोहत पोहत दोरीच्या पलीकडे गेला. मगरीने त्याला मारले. तेव्हापासून तिथे कुणी दोरीकडे थट्टेने पाहत नाही.

मग सगळ्या मगरी मारून का टाकत नाहीत? त्या लोकांनी दुसरा मार्ग धरला. नदी हे मगरीचे घर आहे. आपण तिथे पाहुणे. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे. मगरीला खाऊ घालणे हा त्या राज्यात गुन्हा आहे. खाऊ मिळाला की तिला माणसाचे भय उरत नाही. मग ती माणसाजवळ येते, आणि त्यात दोघांचाही घात होतो.

होडीत बसू या

आता होडीत बसा. होडी संथ चालते. वाटाड्या बोटाने दाखवत जातो.

ते पाहा, पाण्यात पडलेल्या झाडावर कासवे ओळीने बसली आहेत. माना वर करून ऊन घेत आहेत. तो काळा पक्षी पंख पसरून बसला आहे, तो अनहिंगा. आपल्या तळ्यावर तिरंदाज पक्षी असतो ना, लांब मानेचा? हा त्याचाच भाऊबंद. पाण्यात बुडी मारून तो चोचीने मासा भोसकतो. मग काठावर येऊन पंख वाळवतो.

चिखलात वाकडी चोच खुपसणारे पांढरे पक्षी म्हणजे शराटी. उंच पायांचे बगळे आहेत. पाणकोंबड्या आहेत. वरती मासे पकडणारी घार घिरट्या घालते. रानात हरणे आहेत, जंगली टर्की कोंबडे आहेत.

आणि हिवाळ्यात गेलात तर आणखी एक पाहुणी भेटेल. तिचे नाव मॅनटी. आपण तिला समुद्रगाय म्हणू. नाव शोभते तिला. रेड्याएवढे धूड, पण स्वभाव गरीब. कुणाला चावत नाही. सरासरी दहा फूट लांब, वजन चार-पाचशे किलो. दिवसभर पाण्यातले गवत खात असते. तिला थंडी सोसत नाही. थंड पाण्यात फार दिवस राहिली तर ती मरते. म्हणून समुद्र गारठला की ती नदीतून वर वर येते, आणि झऱ्याच्या उबदार पाण्यात थंडी काढते. गावची गुरे जशी थंडीवाऱ्यात गोठ्याच्या उबेला येतात, तसेच हे.

इथले सेवक आणि गावकरी होडीतून जाऊन या पशुपक्ष्यांची मोजदाद ठेवतात. 1992 पासून ही मोजणी चालू आहे. कुठली जात वाढली, कुठली घटली, हे वहीत उतरते. ही वही पुढे फार कामी आली.

झऱ्याला दुखणे लागले

पूर्वी वकुलाचे पाणी आरशासारखे होते. तिथे काचेच्या तळाच्या होड्या असत. काचेतून खोलवरचे मासे दिसत, गुहेचे तोंड दिसे. अशा नितळ पाण्यामुळे तिथे सिनेमाही काढत. पाण्याखालची चित्रे घेणे तिथे सोपे जाई.

मग हळूहळू पालट झाला. नितळ पाण्याचे दिवस कमी होऊ लागले. कधी दलदलीतले चहाच्या रंगाचे पाणी येई, तर कधी शेवाळाची हिरवट छटा दिसे. काचेच्या होड्या बांधून ठेवायची पाळी आली.

1997 साली झऱ्यात एक नवे तण दिसले. त्याचे नाव हायड्रिला. हे पाणगवत आपल्याच भागातले. आपल्या तळ्यांत, कालव्यांत ते दिसते. शोभेचे मासे ठेवण्याच्या काचपेट्यांसाठी ते 1950 नंतर श्रीलंकेहून फ्लॉरिडात गेले आणि तिथल्या पाण्यात पसरले. वकुलात तर ते माजले. जिथे पाहावे तिथे हायड्रिला. पोहणाऱ्याच्या पायांत अडके, होडीच्या वाटेत येई.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली. तिथे लिंपकिन नावाचा पक्षी असे. तो पाण्यातल्या मोठ्या गोगलगायी खातो. गोगलगायी नाहीशा झाल्या. मागोमाग लिंपकिनही घटत गेला. 2000 च्या सुमारास तो दिसेनासा झाला. मोजणीच्या वहीत ते लिहिलेले होते, म्हणून कुणाला नाकारता आले नाही.

तण एवढे माजले कशाने? शेतकरीदादा, तुम्ही ओळखले असेल. तणाला खत मिळत होते!

पाण्याची तपासणी झाली. पाण्यात नत्र वाढले होते. युरियातून आपण पिकाला देतो तेच नत्र. पूर्वी एका लिटर पाण्यात सुमारे 0.2 मिलिग्रॅम नत्र होते. ते वाढत 1 मिलिग्रॅमच्या आसपास गेले. म्हणजे पाचपट झाले.

एक मिलिग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरांच्या टाकीत एक ग्रॅम. चिमूटभर मिठाएवढे. पिणाऱ्या माणसाला एवढ्याने अपाय होत नाही. पण झऱ्यातून रोज कोट्यवधी लिटर पाणी येते. चिमूट चिमूट करून रोज पोत्यांनी खत येत होते. तणाला आणि शेवाळाला तेवढे पुरे झाले.

खत कुठून येत होते?

आता खरा प्रश्न पाहा. झऱ्याच्या काठावर शेती नव्हती, कारखाना नव्हता. भोवती राखलेले रान होते. मग नत्र आले कुठून?

त्यासाठी तिथली जमीन कशी आहे ते समजून घेऊ. वरती वाळू-माती, खाली चुनखडक. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून जाताना किंचित आंबट होते. असे पाणी चुनखडकाला विरघळवते. हजारो वर्षे हे चालले. भेगांची भोके झाली, भोकांची भुयारे झाली. जमीन वरून सपाट दिसते, पण आतून पोकळ आहे. काही ठिकाणी छत खचून खोल खड्डे पडले आहेत. त्यांतून ओढ्याचे पाणी एकदम आत जाते.

पाणबुड्यांनी दिवे घेऊन या भुयारांत जाऊन नकाशे केले. फार जोखमीचे काम. 2007 साली त्यांनी दूरच्या एका खड्ड्यापासून वकुलापर्यंतची वाट जुळवून दाखवली. ही पाण्याखालची भुयारे मिळून पन्नास किलोमीटरांच्या आसपास भरतात.

आता टॅलाहासी शहराकडे वळू. शहराचे सांडपाणी नदीत किंवा तळ्यात सोडू नये, म्हणून शहराने एक चांगला उपाय काढला होता. सांडपाणी शुद्ध करायचे आणि शहराबाहेरच्या मोठ्या शेतावर फवारायचे. तिथे चारा, मका पिकवायचा. पाणीही कामी येते, खतही कामी येते. हेतू वाईट नव्हता. पण पिकाने घेऊन उरलेले नत्र पाण्याबरोबर खाली मुरत होते.

हे शेत झऱ्यापासून सुमारे पंधरा किलोमीटर दूर. "एवढ्या लांबचा झऱ्याशी काय संबंध?" असे कुणीही म्हणेल. म्हणून 2006 साली शास्त्रज्ञांनी एक परीक्षा घेतली. शेतावरच्या विहिरींत निरुपद्रवी रंग सोडला. आणि लांबवर झऱ्यांच्या पाण्यावर पाळत ठेवली.

काही आठवड्यांनी तो रंग वकुलाच्या पाण्यात सापडला!

रंग डोळ्यांनी दिसण्याइतका नव्हता, पण यंत्राने तो ओळखला. आता वाद उरला नाही. शहराच्या शेतावरचे पाणी झऱ्यात येत होते.

मग काय केले?

झऱ्याकाठच्या लोकांनी आणि निसर्ग राखणाऱ्या मंडळींनी शहराकडे आग्रह धरला. भांडणही झाले. शेवटी शहराने सांडपाणी शुद्ध करण्याची नवी व्यवस्था उभारली. तिच्यात पाण्यातले बहुतेक नत्र आधीच काढून टाकतात. या कामाला वीस कोटी डॉलरांहून जास्त खर्च आला. तो शहरातल्या लोकांच्या पाणीपट्टीतून, करातून उभा राहिला. झरा दिसतही नाही इतक्या लांबच्या लोकांनी झऱ्यासाठी पैसा मोजला.

झऱ्याच्या पाण्यातले नत्र उतरू लागले. हायड्रिलाही घटली. त्यासाठी वर्षानुवर्षे तणनाशक वापरावे लागले. हिवाळ्यात येणाऱ्या समुद्रगायींनीही ती पुष्कळ चरून काढली.

मग सगळे ठीक झाले का? नाही. लिटरमागे 0.35 मिलिग्रॅम नत्र ही तिथल्या सरकारने 2012 साली ठरवलेली मर्यादा. तिच्याकडे जायला आणखी काम करावे लागते. शहराबाहेर घरोघरी संडासाचे शोषखड्डे आहेत. त्यांतले नत्र अजूनही खाली मुरते. म्हणून त्या घरांना मोठ्या गटारवाहिनीला जोडण्याची किंवा सुधारलेले खड्डे बांधण्याची खटपट चालू आहे.

पाणी बिघडायला काही वर्षे पुरतात. सुधारायला मात्र फार वर्षे लागतात, आणि पैसाही फार लागतो.

आपल्या गावचे काय?

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात चुनखडक नाही. आपल्याकडे काळा कातळ आहे. त्यात एवढी भुयारे नाहीत. पाणी मुरमातून, कातळाच्या भेगांतून जाते. ते सावकाश जाते. पण वाट तशीच. वरच्या रानात पडलेला पाऊस मुरतो आणि खालच्या विहिरीत उतरतो. वाटेत त्याला जे भेटेल ते तो घेऊन येतो. आणि सावकाश आलेली घाण सावकाशच जाते.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब असावा. तो विहिरीच्या वरच्या अंगाला नको, उताराच्या खालच्या अंगाला असावा. खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीला लागू देऊ नये. खडक भेगाळ असेल तर अंतर आणखी वाढवावे.

शेणाचा उकिरडा विहिरीच्या काठी नको.

युरिया एकदम टाकू नये. पिकाच्या गरजेप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत द्यावा. पिकाने घेतले नाही ते पावसाबरोबर खाली जाते. त्यात पैसाही जातो आणि पाणीही बिघडते.

पडीक विहीर किंवा जुना आड कचऱ्याने भरू नये. तो कचरा थेट शेजारच्या विहिरीच्या पोटात जातो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट फार झाले तर बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका असतो. माऊल्यांनो, हे विशेष ध्यानात ठेवा. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. ते चवीने कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. ते तपासणीनेच कळते.

गावचा जलसुरक्षक पाण्याचा नमुना तपासायला पाठवतो. तपासणीचा कागद ग्रामपंचायतीत येतो. तो पाहायला मागा. त्यात 'नायट्रेट' हा शब्द शोधा. पुढचा आकडा पाहा. आपल्या देशात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. आकडा त्याहून मोठा असेल तर ग्रामसभेत विचारा. (वकुलाचे आकडे नुसत्या नत्राचे आहेत, आपल्या कागदावर पुऱ्या नायट्रेटचा आकडा असतो. म्हणून दोन्हींची तुलना करू नका.)

पूर्वी असा कागद आला तरी तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. आता तुम्हाला अक्षरे येतात, आकडेही येतात. हा कागद स्वतः वाचा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

विचार करा आणि सांगा

1. झऱ्याचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार का लागते?
2. पशुपक्ष्यांच्या मोजणीची वही कशी कामी आली?
3. शहराचे पाणी झऱ्यात येते, हे शास्त्रज्ञांनी कसे ओळखले?
4. तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला काय काय आहे? उद्या जाऊन पाहा आणि लिहून काढा.